खुर्चीचे हात

१

प्रदर्शन सुरू झालं तशी थोरलीला एक सवय लागली. गॅलरी उघडायच्या आधी ती मागच्या दाराने आत यायची, पिशवीतून मऊ सुती फडकं काढायची आणि आपण घडवलेल्या एकेका वस्तूवरून ते फिरवत जायची. धूळ अशी नसायचीच. झाडलोट करणारी बाई आदल्या संध्याकाळी सगळं लखलखीत करून गेलेली असायची. पण नीटनेटक्या पोरालाही शाळेच्या दारात सोडताना आई उगाच एकदा तोंडावरून हात फिरवते ना, त्यातला तो प्रकार होता.

दुसरंही एक कारण होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नसतं. आत शिरल्याशिरल्या भिंतीवर दोघी बहिणींची नावं होती. एकाच मापाच्या अक्षरांत, शेजारी शेजारी. आजवर लोक तिची ओळख 'चित्रकार बाईंची बहीण, ती लाकडाचं काहीतरी करते' अशी करून द्यायचे. ती हसून मान डोलवायची आणि कार्यशाळेत येऊन रंधा जरा जोरातच चालवायची. आता मात्र नाव भिंतीवर होतं. फडकं हातात घेऊन ती रोज त्या भिंतीपुढे थोडी रेंगाळायची, मग कामाला लागायची.

कल्पना गॅलरीवाल्या मॅडमची. धाकटी लहानपणापासून स्वप्नं रंगवत आलेली. तिच्या चित्रांत खोल्याच खोल्या असत. गुडघाभर पाणी साचलेली खोली, गवतातून वर निघालेला जिना, छत नसलेलं स्वयंपाकघर. सगळ्या रिकाम्या. ना माणूस, ना सामान. मॅडम म्हणाल्या, "या खोल्यांना तुम्ही सामान द्या ना. घरात ठेवायचं नाही, स्वप्नात ठेवायचं."

थोरलीने मग जीव ओतला. पाण्याच्या चित्रासमोर लाटेसारखं बाक ठेवलं. जिन्यासमोर एक कपाट, कुणाचं तरी बोलणं ऐकायला वाकल्यासारखं. आणि आतल्या दालनात, सगळ्यात मोठ्या चित्रापुढे, ती खुर्ची.

त्या चित्रात एक लांबच लांब खोली होती. दोन्ही बाजूंना खिडक्या आणि खिडक्यांबाहेर काहीच नाही, नुसता फिकट हिरवट उजेड. ते चित्र धाकटीच्या इझलवर अर्धवट असतानाच थोरलीने पाहिलं होतं, आणि घरी येऊन कागदावर रेघ ओढायला बसली तर हात थांबेचना. अक्रोडाचं लाकूड, उंच पाठ, बैठकीला वेताची वीण, आणि पुढे झेपावलेले दोन लांब हात. खुर्ची पाहून मॅडम म्हणाल्या होत्या, "एवढी मोठी?"

"या खोलीला एवढीच शोभेल," थोरली म्हणाली होती. आपण हे इतक्या ठामपणे कसं सांगतोय, असं तिला तेव्हा वाटलं नाही.

२

त्या सकाळी खुर्चीच्या उजव्या हातावरून फडकं फिरवताना तिचा अंगठा अडखळला. खरं तर अडखळायला हवा होता, तो अडखळला नाही.

हाताच्या पुढच्या टोकाला तिने एक कड ठेवली होती. बारीक, ताठ, सुरीच्या पाठीसारखी. पॉलिशपेपर मारताना ती कड बोथट होऊ नये म्हणून तिने किती जपलं होतं! बघणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही, पण उजेड त्या कडेवर येऊन थांबतो आणि मग सगळा हात उठून दिसतो. ती कड आता तिथे नव्हती. मोडली नव्हती की छिलली नव्हती. झिजली होती. वर्षानुवर्षं कुणाचा तळवा घासून जावा, तशी गोल, गुळगुळीत, किंचित काळपट झाली होती.

तिने खिडकीचा पडदा सारला, चष्मा लावला, गुडघे टेकून बसली आणि पुन्हा बघितलं.

झीज म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जुन्या खुर्च्या दुरुस्त करण्यातच तिचे बाबा आणि ती, दोघांचीही उमर गेली होती. खुर्ची हातात आली की ती आधी झीज वाचायची. मालक डावरा आहे, बसल्या बसल्या नखाने लाकूड टोकरतो, उठताना एका गुडघ्यावर जोर देतो, हे सगळं तिला मालकाला न बघता कळायचं. आणि झीज कशी येते तेही तिला ठाऊक होतं. दहा-पंधरा वर्षं रोज बसलं, तेव्हा कुठे अक्रोडावर एवढी येते.

खुर्ची तर महिन्यापूर्वी तयार झाली होती.

"मीच घासलं असेल," ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या दालनात तिचा आवाज तिलाच जरा परका वाटला. "रोज फडकं मारते, त्याने गेली असेल."

पण सुती फडक्याने अक्रोड झिजत असतं, तर जगातल्या सगळ्या टेबलांना एव्हाना भोकं पडली असती. हे तिला कळत होतं. तिने डावा हात चाचपला. तोही तसाच.

३

पहिला संशय अर्थातच राखणदारावर. भला माणूस होता, पण दिवसभर उभं राहून कंटाळत असेल, आणि समोर अशी ऐसपैस खुर्ची. तिने जरा आडून विचारलं, तर तो दुखावलाच.

"ताई, माझं स्टूल आहे तिथे कोपऱ्यात. आणि खरं सांगू? बस म्हणालात तरी मी नाही बसणार त्यावर."

"का? वाईट आहे का खुर्ची?"

"वाईट कशाला? छानच आहे. पण..." त्याने डोकं खाजवलं. "मोठ्या साहेबांच्या खुर्चीत आपण बसतो का? तसं वाटतं. मालकाची जागा आहे असं."

थोरलीला त्यातही बरं वाटलं. खुर्चीचा असा दरारा वाटावा म्हणजे काम साधलं म्हणायचं.

मॅडमनी कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. दालन बंद असतानाचं पुढे पळवत पळवत पाहिलं. खुर्ची जागच्या जागी, कुणी जवळपास फिरकलेलं नाही. "बघा, उगाच काळजी करता तुम्ही," म्हणून मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या. थोरली मात्र पडद्यासमोरून उठली नाही. दिवसाचं चित्रण सुरू झालं होतं. लोक येत होते, चित्रापुढे थांबत होते, पुढे जात होते.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की खुर्चीपुढून सरळ कुणीच जात नाही.

समोर भरपूर जागा होती. तरी माणसं त्या ठिकाणी आली की जराशी बाहेर वळायची आणि पुढे गेल्यावर पुन्हा रांगेत यायची. कुणी खाली बघत नव्हतं, कुणी विचार करून वळत नव्हतं. बोलता बोलता, हसता हसता वळायची. थिएटरात किंवा दवाखान्याच्या बाकासमोर, पाय पसरून बसलेल्या माणसाला आपण जसा वळसा घालतो, अगदी तसा. एक म्हातारी बाई फोनवर बोलत भराभर आली, खुर्चीच्या पुढ्यात एकदम थबकली आणि खुर्चीकडे न बघताच तिने ओशाळं हसून हात जरासा वर केला. माफ करा म्हणतो तसा.

थोरलीने पडदा बंद केला. मॅडम परत आल्या तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. उगाच काळजी."

४

तिने एक गोष्ट केली, जी गॅलरीत कुणालाही करू दिली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः त्या खुर्चीत बसली.

तयार झाल्यावर कार्यशाळेत ती बसली होतीच. आपली वस्तू आपल्या अंगाने तपासल्याशिवाय ती बाहेर जाऊ देत नसे. तेव्हा बैठक टणक होती, नव्या वेतासारखी करकरीत. आता ती खोलगट झाली होती. थोरली त्या खोलगटात बसली, तर दोन्ही बाजूंना कितीतरी जागा उरली. पाठीवर, तिच्या डोक्याच्याही बरंच वर, लाकूड एका जागी चकचकीत झालं होतं. तिथे कुणीतरी डोकं टेकत होतं.

तिने हातांवर हात ठेवले आणि बोटं पुढे नेली. झिजलेली कड तिच्या बोटांच्या फार पुढे होती. तिने खांदे ओढले, पुढे वाकली, तरी हात पोचेना. टोकाला तळवा येण्यासाठी त्या माणसाचा कोपर कुठे असायला हवा, याचा ती हिशेब करू लागली आणि मध्येच थांबली. मनात 'माणूस' हा शब्द तिने अगदी सहज घेतला होता, आणि तो आता बसत नव्हता.

मग तिची नजर खाली गेली. लाकडी जमिनीवर, खुर्चीपासून बरीच पुढे, दोन ठिकाणी पॉलिश उडालं होतं. टाचांच्या जागा. त्या दोन जागांमध्ये एखादं लहान टेबल सहज मावलं असतं.

भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्या भीतीच्या खाली, अगदी तळाशी, दुसरंच काहीतरी हलत होतं, आणि ते तिने ओळखलं तेव्हा ती जास्त घाबरली. खुर्ची नीट बसत होती. ज्याची होती त्याला ती बसत होती. पाठ बरोबर जागी, हात बरोबर लांबीचे, न बघता, माप न घेता तिने ते साधलं होतं. फक्त बैठक जराशी बुटकी पडली होती, म्हणून बिचाऱ्याला पाय एवढे लांब पसरावे लागत होते.

'बिचाऱ्याला' हा शब्दही तिचाच होता.

ती उठली. उठताना तिने खुर्चीच्या हाताला हात लावला नाही.

५

गॅलरीच्या बाजूला एक छोटं चहाचं दुकान होतं. धाकटी दुपारी यायची तेव्हा दोघी तिथे बसायच्या. धाकटी इतकी टवटवीत थोरलीने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, गाल भरले होते, आणि खारी बिस्किटं ती एकामागून एक बुडवून खात होती.

"ताई, मला झोप लागते गं हल्ली," ती म्हणाली. "अशी, पडल्या पडल्या. गोळ्या बंद केल्या मी. डॉक्टरांनासुद्धा खरं वाटेना."

"आणि स्वप्नं?"

"एकही नाही. प्रदर्शन लागलं त्या दिवसापासून कोरी पाटी." ती हसली. "आता पोटापाण्याला काय रंगवायचं ते बघावं लागेल."

थोरलीला त्यांची लहानपणची खोली आठवली. दोघींच्या खाटा शेजारी शेजारी. धाकटी दचकून उठायची, तोंडातून शब्द फुटायचा नाही. थोरली अंधारात हात पुढे करायची आणि तो घट्ट धरून धाकटी पुन्हा झोपायची. सकाळी काय दिसलं विचारलं, तर नेहमी एकच उत्तर, 'खोली'. खोलीला एवढं काय घाबरायचं, हे थोरलीला कधी कळलं नव्हतं.

तिने कपातला चहा उगाच ढवळला. "एक विचारू? तुझ्या चित्रांत माणूस का नसतो गं कधी?"

"मुलाखतीत विचारतात तसं विचारलंस."

"मुलाखतीत सांगतेस ते नको."

धाकटीच्या हातातल्या बिस्किटाचा तुकडा चहात पडला, तिने तो काढला नाही.

"असतो," ती म्हणाली. "स्वप्नात असतो. सगळ्या खोल्यांत. मी त्याला काढत नाही, एवढंच. काढला तर चित्र घरात ठेवता यायचं नाही मला."

"काय करतो?"

"काही नाही. उभा असतो. मी जाईन त्या खोलीत आधीच उभा. कंटाळलेला, पाय दुखल्यासारखा. माझ्याकडे बघत. जणू मीच त्याला उभं ठेवलंय." तिने खांदे उडवले. "बसणार तरी कशावर? माझ्या खोल्यांत सामानच नसायचं."

बाहेरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. थोरलीने कप खाली ठेवला. बशीवर तो जरा जोरातच वाजला.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. घे, माझंही बिस्किट घे."

६

आठवड्यातून एकदा गॅलरी बंद असे. त्या दिवशी भर दुपारी थोरली आली. छताच्या काचेतून ऊन सरळ खाली उतरलं होतं, पांढऱ्या भिंती डोळ्यांवर येत होत्या. अशा उजेडात माणसाला कशाचीच भीती वाटू नये. ती आल्या आल्या आतल्या दालनात गेली नाही. बाहेरच्या दालनात वाकलेल्या कपाटाजवळ बसून त्याचे पाय पुसत राहिली. तिथून कमानीतून खुर्ची मागून, जराशी तिरकी दिसत होती. उंच पाठ, डावा हात, आणि पलीकडे ते चित्र.

राखणदार फाटकावर होता. आत दुसरं कुणी नव्हतं.

आधी आवाज आला. वेत नुसता वाजत नाही. भार येतो तेव्हा तो एका विशिष्ट पद्धतीने कुरकुरतो. आधी मधली वीण, मग कडेची, मग सगळ्यात शेवटी चौकटीतले सांधे एकमेकांना घट्ट धरतात तेव्हाचा एक बारीक, कोरडा टक्‌. तिने तो आवाज हजारदा ऐकला होता. कुणीतरी घाई न करता, सवयीच्या जागी बसलं होतं.

तिचं फडकं कपाटाच्या पायावर तसंच राहिलं.

खुर्चीच्या पाठीमुळे काही दिसत नव्हतं. मग डाव्या हाताच्या टोकाशी उजेड जरा बदलला. लाकडाचा तपकिरी रंग तिथे संपत होता आणि त्यापुढे एक फिकट हिरवट लांबट काहीतरी लोंबत होतं. चित्रातल्या खिडक्यांबाहेरच्या रंगाचं. तिने त्याला बोटं म्हणायचं आधी टाळलं. पण ती बोटंच होती. त्यांना पेरं किती आहेत ते मोजायला तिचं मन धजलं नाही.

ती बोटं हलली. खुर्चीच्या हाताखाली गेली, उलट्या बाजूने. तिथे तिने एक वळण कोरलं होतं. वरच्या बाजूचं सगळं वळण खाली येऊन जिथे संपतं, तिथे ते कापून न टाकता तिने हळूच मिटवत नेलं होतं, मूठ मिटावी तसं. सगळ्यात जास्त वेळ तिने तिथेच घालवला होता. मॅडमनी ते पाहिलं नव्हतं. वर्तमानपत्रात ज्यांनी एवढं लिहिलं, त्यांनीही पाहिलं नव्हतं. धाकटीनेसुद्धा नाही.

एक अंगठा त्या वळणावरून सावकाश फिरला. पुन्हा मागे आला. पुन्हा फिरला. चांगलं काम ज्याला कळतं त्याचा हात असाच फिरतो.

थोरलीची छाती भरून आली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आयुष्यभर जिची वाट पाहिली ती दाद तिला मिळत होती. आणि त्या क्षणी आपल्याला काय वाटतंय हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा अंगावर सरसरून काटा आला, आणि ती कपाटाला धरून तशीच खाली बसून राहिली.

बऱ्याच वेळाने वेत सुटल्याचा आवाज आला. वीण दबलेली असते ती हळूहळू वर येते, मधूनमधून टिचक्या मारल्यासारखी. तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत तिने वाट पाहिली. मग ती उठली, आत गेली आणि खुर्ची पुसली. बैठक तेवढी सोडली.

७

प्रदर्शन संपायला आलं. मोठं चित्र एका संग्रहालयाने मागितलं. खुर्चीलाही गिऱ्हाइकं होती, पण थोरलीने मॅडमना सांगून टाकलं, "ती विकायची नाही." मॅडमनी समजूत घालून पाहिली आणि सोडून दिली. पण दुसरी मागणी आली, ती सोडून देण्यासारखी नव्हती.

"ताई, ती खुर्ची मला दे," धाकटी म्हणाली. वस्तू बांधायचं काम सुरू होतं, दोघी पुठ्ठ्यांच्या ढिगाजवळ उभ्या होत्या. "माझ्या खोलीत ठेवते. पलंगाच्या समोर."

"नाही."

"अगं, मी तुझी बहीण आहे. गिऱ्हाईक नाही."

"म्हणूनच नाही."

धाकटी हसायला गेली आणि थांबली. "म्हणजे काय? आजवर माझ्याकडे तुझी एक वस्तू नाही. एक! सगळी चित्रं मी तुला दाखवून मग बाहेर पाठवते. आणि तू एक खुर्ची देत नाहीस?"

थोरलीला सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे काय? की तुला झोप लागते ती माझ्या सुतारकामामुळे? की जो तुझ्याकडे उभा असायचा तो आता बसलाय, आणि तुझ्या पलंगासमोर मी त्याला आणून बसवणार नाही? बोलून दाखवलं की धाकटी आज रात्रीच जागी राहणार.

"जीव अडकलाय तुझा त्या लाकडात," धाकटी म्हणाली. "नाव भिंतीवर लागलं आणि डोक्यात गेलं तुझ्या."

"असेल," थोरली म्हणाली.

आणि तेही खोटं नव्हतं. गॅलरी बंद होती त्या दुपारी कार्यशाळेत परतल्यावर तिने करवत उतरवून पाहिली होती. खुर्चीचे तुकडे करायला कितीसा वेळ लागला असता? पण तुकडे झाले की तो पुन्हा उभा राहणार, धाकटीच्या खोल्यांमध्ये, आणि या खेपेला रागावलेला. हे कारण खरं होतं. आणि आपल्या हातून आजवर झालेलं सगळ्यात चांगलं काम आपल्याच हाताने कापायचं ही गोष्ट तिच्याने होणार नव्हती, हेही खरं होतं. दोन्हींत जड कुठलं, हे तिने तोलून पाहिलं नाही. करवत परत खुंटीला गेली.

खुर्ची ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या कार्यशाळेत घेऊन आली. धाकटी निरोपाला बाहेर आली नाही.

८

कार्यशाळेत तिने खुर्ची खिडकीजवळच्या कोपऱ्यात ठेवली, आपल्या कामाच्या बाकाच्या अगदी समोर. बसायचंच तर माझ्या नजरेसमोर बस, असा तिचा विचार.

पहिले काही दिवस ती सारखी मान वर करून बघायची. मग बघणं कमी झालं. वेत वाजायचा, जरा वेळाने पुन्हा वाजायचा, आणि ती काम करत राहायची. काम मात्र असं होत होतं की तिचं तिलाच नवल वाटावं. सांधे पहिल्या खेपेत बसत. पटाशी जिथे थांबवायची तिथे थांबे. कुणीतरी जाणतं समोर बसलेलं असलं की हाताला आपोआप शिस्त येते. बाबा समोर बसत तेव्हा यायची तशी. ती नव्या कामाला लागली. एक खुर्चीच, बैठक उंच असलेली. कुणासाठी, असं शेजारच्या बाईने विचारलं, तर ती म्हणाली, "आहे एक गिऱ्हाईक."

एका दुपारी धाकटी आली. भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक चित्र होतं. दारात उभी राहून ती आधी रडली, मग हसली. थोरलीने तिला आत ओढलं आणि दोघींनी बराच वेळ एकमेकींना सोडलं नाही.

"मला पुन्हा स्वप्न पडलं," धाकटी म्हणाली.

थोरलीचे हात तिच्या पाठीवर थांबले.

"घाबरू नकोस. चांगलं होतं. आयुष्यातलं पहिलं चांगलं स्वप्न. या खेपेला माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मीच बघत होते." तिने चादर सोडली. "आणि बघ ना, माणूससुद्धा काढला. माझ्या चित्रातला पहिला माणूस. तू."

चित्रात कार्यशाळा होती. तीच खिडकी, तेच खिळ्यांचे डबे, तोच जमिनीवरचा भुसा. बाकाशी थोरली पाठमोरी वाकलेली, पांढऱ्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि रंध्यावर तिचे दोन्ही हात. ते हात असे रंगवले होते की बघत राहावं. प्रत्येक शीर, प्रत्येक सुरकुती, त्यांतला जोर आणि त्यांतली माया. आपल्याकडे कुणी इतकं लक्ष देऊन पाहिलं असेल, असं थोरलीला कधी वाटलं नव्हतं.

समोर कोपऱ्यात खुर्ची होती. ती कुठे ठेवली आहे हे धाकटीला कुणी सांगितलं नव्हतं.

खुर्ची रिकामी होती. मात्र बैठकीचा वेत अजून खाली दबलेला होता, वर यायचा राहिलेला. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.

"तू कुठून बघत होतीस?" थोरलीने विचारलं. आवाज सरळ निघाला, याचं तिला बरं वाटलं.

"तुझ्या मागून. अगदी जवळून, तुझ्या खांद्यावरून. आणि उंचावरून गं, कशावर तरी चढून उभी असल्यासारखी. तू काय करतेस ते मला बघायचं होतं, आणि खुर्चीतून नीट दिसत नव्हतं." धाकटीने कौतुकाने चित्र लांब धरलं. "कसं झालंय?"

"हात छान काढलेस," थोरली म्हणाली.

धाकटी खूश होऊन गेली. पुढच्या आठवड्यात जेवायला ये म्हणाली. थोरलीने दार लावलं, चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि बाकाशी येऊन उभी राहिली. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. समोरच्या कोपऱ्यात वेत कुरकुरत सुटत होता, टिचकी, मग टिचकी. खुर्चीत काही नव्हतं.

तिच्या मानेवरचे बारीक केस हलले. खिडकी बंद होती.

तिने वळून पाहिलं नाही. रंधा उचलला, नव्या खुर्चीच्या फळीवर टेकवला. मग मागून नीट दिसावं म्हणून उजवा खांदा जरासा बाजूला घेतला, आणि रंधा एका दमात फळीच्या शेवटापर्यंत सरळ नेला.